वाचक विचारतात : ट्रान्समीटर गप्प असताना सेल कोण खातंय?

मागच्या अंकात विहिरीचं पाणी किती हाय ते घरात बसून कळावं म्हणून काडेपेटीएवढा रेडिओ ट्रान्समीटर कसा करायचा ते लिहिलो होतो. त्यावर बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी सगळीकडनं पत्रं आलीत आणि बहुतेकांचं दुखणं एकच, रेंज मिळतीय पण सेल टिकत नाही. चूक माझीपण हाय, मी रेडिओवर तीन पानं लिहिलो आणि सेलवर चार ओळी. म्हणून यावेळी दुसरं काही घेत नाही.

चिकोडी तालुक्यातले एक ऊसवाले शेतकरी लिहितात : दादा, विहिरीवर फ्लोट स्विच लावून आटमेगा चिप आणि ८६६ मेगाहर्ट्झचं लोरा (थोडा मजकूर लांब पाठवणारा रेडिओ) मॉड्यूल बसवलो. घर दीड किलोमीटर, मधे सगळा ऊस, तरी मेसेज येतोय. २६०० एमएएचचा (एमएएच म्हणजे मिलिअँप गुणिले तास) १८६५० लिथियम सेल घातलोय, दर मिनिटाला एकदा पाठवतोय, पॉवर २० डीबीएमवर (डीबीएम म्हणजे रेडिओच्या जोराचं माप), स्प्रेडिंग फॅक्टर (मेसेज किती सावकाश ताणून पाठवायचा ते) १२. मधल्या वेळात चिप झोपवायचा कोडपण घातलोय. तरी बारा दिवसात सेल खलास. रेडिओच खातोय म्हणून पॉवर २० वरनं १७ वर आणलो तर जेमतेम एक दिवस वाढला. आता काय करू, मोठी बॅटरी बसवू काय? थ्री फेज लाईट रात्री कधी येतंय त्याचा नेम नाही, म्हणून हे यंत्र चालूच पाहिजे.

दादा, बॅटरी राहू द्या तशीच, आधी हिशोब बघू. तुमचा रेडिओ २० डीबीएमवर बोलताना साधारण १२० मिलिअँप खातो, फॅक्टर १२ वर दहा-बारा बाइटचा मेसेज जायला जवळजवळ एक सेकंद लागतो, म्हणजे मिनिटातला एक सेकंद, सरासरी पडली २ मिलिअँप. आता तुम्ही पाठवलेला बोर्डाचा फोटो बघा, त्यात तीन पायांचा रेग्युलेटर (सेलचं व्होल्टेज ३.३ वर बांधून ठेवणारा) हाय तो एएमएस १११७. हा गडी कामाचा असो नसो, नुसता जागा राहायला ५ मिलिअँप खातो. चिप झोपली, रेडिओ झोपला, हा दिवसरात्र चालूच. त्याच्या शेजारी लाल एलईडी पेटतीय, दीडेक मिलिअँप. सेलचं व्होल्टेज बघायला दोन १० के (दहा हजार ओहम) रेझिस्टर लावलाय त्यातनं ०.२ गळतंय, आणि विहीर भरल्यावर फ्लोट स्विच मिटला की १० के पुलअपमधनं (स्विचची तार ३.३ ला ओढून धरणारा रेझिस्टर) ०.३३ सतत वाहतंय, म्हणजे पाणी जास्त असेल तेवढी बॅटरी लवकर उतरणार, गंमतच हाय. बेरीज करा, ९ मिलिअँपच्या आसपास येते. २६०० भागिले ९, दोनशे नव्वद तास, तुमचे बारा दिवस बरोबर निघाले. त्यात तुम्ही १७ वर आणून अर्धा मिलिअँप वाचवला, म्हणून एकच दिवस वाढला.

लग्नातला वाजंत्रीवाला वाजवतो दहा मिनिटं आणि जेवतो तीन वेळा, तसं झालंय हे. वाजवण्याचे पैसे कमी करून काय होणार, जेवणारे किती बसलेत ते मोजा.

तर पहिल्यांदा तो रेग्युलेटर काढा. तसाही तो या कामाचा नव्हेच, त्याला वरनं एक-सव्वा व्होल्ट जास्त लागतं, सेल ३.७ वर आला की त्याच्या अंगावर ३.३ लिहिलेलं असतं आणि बाहेर अडीच-पावणेतीन मिळतं. एचटी ७३३३ घ्या, तो ४ मायक्रोअँपवर जागा राहतो, एमसीपी १७०० मिळाला तर त्याहून कमी. एलईडी सरळ उखडून टाका, विहिरीत बेडकांना दाखवायची हाय काय? व्होल्टेजच्या दोन रेझिस्टरच्या जागी १ मेग, १ मेग लावा आणि खालच्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, नाहीतर एडीसीला (चिपमधला व्होल्टेज मोजणारा भाग) वाचन नीट मिळत नाही. फ्लोटचा पुलअप कायमचा ३.३ ला जोडू नका, चिपच्या एका पायाला जोडा, जागं झालं की तो पाय वर करा, वाचा, परत खाली. एवढ्या एका वायरीत ०.३३ मिलिअँप वाचले.

मग राहिला रेडिओ. दर मिनिटाला पाणी विचारून काय करणार, दहा मिनिटाला एकदा पुरे. फॅक्टर ९ वर या, मेसेज दीडशे मिलिसेकंदात जातो. पॉवर १४ करा. दीड किलोमीटरला अँटेना नीट असली तर चालायला पाहिजे, नाही पुरलं तर फॅक्टर १० करा पण १२ वर उगीच बसू नका, प्रत्येक पायरीला बोलण्याचा वेळ जवळजवळ दुप्पट होतो. असं केल्यावर रेडिओची सरासरी १० मायक्रोअँप, चिप वॉचडॉगसकट (ठरल्या वेळी जागं करणारं आतलं घड्याळ) झोपेत ४-५, रेग्युलेटर ४, डिव्हायडर (ते १ मेगचे दोन रेझिस्टर) २, सगळं मिळून वीस-एकवीस. कागदावर हाच सेल चौदा-पंधरा वर्षं निघतो! तेवढं खरं धरू नका, सेल आपला आपण उतरतो, त्याच्या बुडाला प्रोटेक्शनची चकती असली तर तीही दोन-चार मायक्रो पिते आणि उन्हात म्हातारपण लवकर येतं. पण वर्षातनं एकदा चार्ज करायला विहिरीवर गेलात तरी बस झालं.

हे सगळं केल्यावर मोजून बघा, आणि इथं बहुतेकजण फसतात. मल्टीमीटर मायक्रोअँपवर ठेवून मधे जोडला की यंत्र चालूच होत नाही, कारण त्या रेंजला मीटरच्या पोटात मोठा रेझिस्टर असतो आणि जागं होताना लागणारा करंट त्यातनं येऊ शकत नाही. मग म्हणतात सर्किट बिघडलं. मीटरच्या दोन्ही पिनांवर एक वायर आडवी धरा, यंत्र चालू होऊन झोपू दे, मग वायर काढा आणि आकडा वाचा, परत जागं व्हायच्या आधी वायर परत लावा. दोनशे मायक्रोअँपच्या वर काही दिसलं तर कुठंतरी अजून कोणतरी जेवतंय, बहुधा एखादा इनपुट पाय लोंबकळत ठेवलेला असतो किंवा रेडिओला झोपायची कमांडच पोचलेली नसते.

आणि एक, सेल घेताना ९८०० एमएएच छापलेला दिसला तर हात लावू नका. १८६५० मापात चांगल्या कंपनीचासुद्धा ३५०० च्या आसपास थांबतो. हातात घेऊन तोलून बघा, खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, हलका लागला की समजा आत काय नाही.

बेळगावातनं इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी : काका, प्रोजेक्टसाठी रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा बीकन (ठराविक वेळानं खूण पाठवणारा ट्रान्समीटर) केलोय, सीआर २०३२ वर, दर पाच सेकंदाला ५ मिलिसेकंदाचं पॅकेट, १० डीबीएम. नवीन सेल घातला की मस्त चालतं, आठवड्यानी रिसेट मारूलालंय. सेल काढून मोजलो तर २.९ व्होल्ट, म्हणजे भरलेलाच की! सर म्हणाले कोडमध्ये बग आहे.

बाळा, कोडला शिव्या घालू नको. नुसता मोजलेला सेल नेहमी खोटं बोलतो. सीआर २०३२ मध्ये २२० च्या आसपास एमएएच असतात खरं, पण ते तू ०.२ मिलिअँपसारखं घोट घोट प्यालास तर. तू त्याच्याकडं एकदम २० मिलिअँप मागतोस. नवीन सेलचा आतला रेझिस्टन्स दहा-वीस ओहम असतो, वापरेल तसा वाढत जातो. साठ ओहम झाला की २० मिलिअँपला १.२ व्होल्ट आतच पडतो, २.९ मधनं १.२ गेले, उरले १.७, चिप मेली. पॅकेट तिथंच तुटलं, लोड गेला, व्होल्टेज परत २.९ वर. तू मीटर लावेपर्यंत सेल परत शहाणा झालेला असतो.

आणि पुढं बघ काय होतं. रिसेट झाल्यावर तुझा कोड पहिलं काम काय करतो? पॅकेट पाठवतो. परत रिसेट, परत पॅकेट. असं रात्रभर चाललं की सकाळी सेल खरोखर मेलेला. म्हणून चालू झाल्यावर आधी दोन-तीन सेकंद गप्प बसायचं, आणि रिसेट ब्राऊनआऊटनं (व्होल्टेज ठरल्या आकड्याखाली गेल्यानं) झाला होता काय ते चिपच्या रजिस्टरमधनं वाचायचं, तसं असेल तर मिनिटभर झोपायचं.

खरा इलाज कंडेन्सर. ५ मिलिसेकंद गुणिले २० मिलिअँप म्हणजे १०० मायक्रोकूलोम. सेलनं काहीच दिलं नाही असं धर, २२० मायक्रोफॅरडवर हे ओढलं तर व्होल्टेज ०.४५ नी पडेल, चालेल. सेल मग पाच सेकंद आरामात तो परत भरत बसेल. सिरॅमिक घेणार असशील तर अंगावर १०० लिहिलेला तीन व्होल्टला बराच कमी भरतो, म्हणून एक जास्त लाव. स्वस्तातला इलेक्ट्रोलिटिक लावलास तर त्याची गळती बघून घे, तुझा झोपेतला करंट दोन मायक्रो आणि कंडेन्सरची गळती पाच असं व्हायला नको. सेन्सर वाचणं, क्रिस्टल सुरू करणं आणि पाठवणं एका दमात करू नको, मधे पन्नास मिलिसेकंद श्वास घेऊ दे. हाच हिशोब लोराच्या दीडशे मिलिसेकंदाला आणि ४० मिलिअँपला करून बघ, कंडेन्सर हजारो मायक्रोफॅरडचा लागतो, म्हणून नाण्याच्या सेलवर लोरा लांब फॅक्टरनं चालवायच्या नादी लागू नको.

सेल किती उरला हे बघायचं असेल तर पॅकेट पाठवत असतानाच शेवटच्या क्षणाला मोज. आटमेगाला आतलं १.१ व्होल्टचं माप असतं, त्याच्याशी तुलना करून स्वतःचा सप्लाय काढता येतो, बाहेर रेझिस्टर लागतच नाहीत. आराम करताना मोजलेला आकडा शेवटपर्यंत २.९ दाखवेल आणि एक दिवस काही न सांगता जाईल.

सेल उलटा बसू नये म्हणून तू डायोड टाकलायस, तो काढ, तीन व्होल्टमधनं अर्धा व्होल्ट त्यालाच देतोस. तिथं पी चॅनल मॉस्फेट (व्होल्टेज जवळजवळ न खाणारा स्विच) घाल. अँटेनाबद्दल तू विचारला नाहीस पण चित्र बघून राहवलं नाही, सेलचं होल्डर बरोब्बर चिप अँटेनाच्या खाली हाय. लोखंडाची थाळी झाकून हाक मारल्यासारखं ते. त्या कोपऱ्यातलं तांबं दोन्ही बाजूनं काढ, सेल दुसऱ्या टोकाला ने, आणि जागा असेल तर साधी सव्वाआठ सेंटिमीटरची वायर सोड, ८६६ ला पाव तरंगलांबी साडेआठच्या जरा वर येते, बोर्डावर थोडी कापावी लागते.

आणि डबा स्क्रूनं बंद होणारा घे. हा सेल लहान पोरानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासात जखम करतो. प्रदर्शनात टेबलावर सुटे सेल ठेवत जाऊ नको.

जांबोटीकडनं एक ताई : आमच्या दोन म्हशी रानात चुकतात, मग अंधार पडेपर्यंत शोधत फिरायचं. गळ्यात बांधायचा ट्रान्समीटर भाऊ करूलालाय. ५०० एमएएचची लिपो (पिशवीतली लिथियम बॅटरी) आणि चार्जिंगची छोटी निळी पट्टी आणलाय. पावसात टिकेल काय? जीपीएस घालायचा काय?

ताई, जीपीएस घालू नका, तो चालू असताना वीस-पंचवीस मिलिअँप मागतो आणि दाट झाडीत आकाशच दिसत नाही तर त्याला बराच वेळ जागं राहावं लागतं. नुसती टिकटिक पाठवणारा बीकन करा आणि हातात तीन काड्यांची यागी (एकाच दिशेला जास्त ऐकणारी अँटेना) धरून ज्या बाजूला आवाज मोठा तिकडं चालायचं. डोंगर आड आला तर गप्प होईल, एका टेकाडावर चढून ऐकलं की परत येईल.

निळी पट्टी म्हणजे टीपी ४०५६. तिच्यावरचा १.२ के रेझिस्टर १ अँपनं चार्ज करायला सांगतो, ५०० ची लिपो त्यानं गरम होईल. तो काढून ५ के लावायला सांगा भावाला, मग २५० मिलिअँपनं भरेल. खरं सांगायचं तर म्हशीच्या गळ्यात लिपो नकोच वाटते मला, शिंग लागलं, झाडाला घासलं, पिशवी फाटली तर पेट घेते. ३.६ व्होल्टचा लिथियम थायोनिल सेल घ्या, ईआर १४५०५, पेन्सिल सेलच्या मापाचा, २४०० एमएएचच्या वर. तो चार्ज करायचा नसतो, कधीच नाही, पण वर्षभर बघायला लागत नाही. बहुतेक रेडिओ चिपा ३.६ वर थेट चालतात, रेग्युलेटरपण वाचला.

याच्यात एक खोड हाय, मीच फसलो होतो. असला सेल घालून एक यंत्र पावसाळाभर कपाटात ठेवलो, काढून चालू केलो तर पहिल्याच हाकेला बंद. अर्धा दिवस सोल्डर तपासत बसलो. पडून राहिला की या सेलच्या आत लिथियमवर एक पातळ थर चढतो, पहिला मोठा करंट मागितला की व्होल्टेज खाली बसतं आणि मग सावकाश वर येतं. बांधायच्या आधी ३३० ओहमचा रेझिस्टर दहा-पंधरा मिनिटं लावून ठेवा, थर मोडतो, आणि सोबत मोठा कंडेन्सर असू दे.

पावसाचं म्हणाल तर कणकुंबी-जांबोटीच्या पावसाला डबा नुसता बंद असून चालत नाही, आतली हवाच दमट असते. कोरड्या दिवशी सिलिका जेलची पुडी आत घालून बंद करा, बोर्डावर वार्निशचा हात मारा. ओलसर बोर्डावर १ मेगचे रेझिस्टर काही उपयोगाचे राहत नाहीत, पाणीच रेझिस्टर होतं. आणि म्हैस पाण्यात बसली की ८६६ वर काहीएक ऐकू येणार नाही, घाबरायचं नाही. पट्टा असा करा की सेलचा डबा गळ्याखाली लोंबेल आणि अँटेना पट्ट्यातनं वर मानेवर येईल. सेलच्या वजनानं पट्टा फिरत नाही.

निपाणीतनं एका गणेश मंडळाचे कार्यकर्ते : एफएम ट्रान्समीटरचं किट मिळतंय, आरती सगळ्या गल्लीत रेडिओवर ऐकवायची हाय. सेलवर चालेल?

चालेल, पण करू नका. ८८ ते १०८ मध्ये लायसन्सशिवाय प्रक्षेपण करता येत नाही, बिनतारी यंत्राला परवाना लागतो हे १९३३ च्या कायद्यापासून चालत आलंय. बिनपरवाना मोकळा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा, आधी २००५ ला ८६७ पर्यंत होता, २०२१ ला ८६८ पर्यंत वाढवला, १ वॅटपर्यंत चालतं. ४३३ वर फक्त १० मिलिवॅट, आणि बाजारात ४३३ ची जी मॉड्यूल मिळतात ती शंभरपर्यंत जातात, ती १० डीबीएमवर, म्हणजेच १० मिलिवॅटवर, आणून ठेवा, सेलपण वाचेल. आरतीला लाऊडस्पीकर हाय की.

खानापूर : पेन्सिल सेलच्या जागी चार्जिंगवाले घातले तर चालतील काय?

दोन साधे मिळून ३ व्होल्ट, दोन चार्जिंगवाले २.४. ब्राऊनआऊट २.७ ला ठेवलेला असेल तर चालूच होणार नाही. तो १.८ ला आणला आणि रेडिओ १.८ पर्यंत चालणारा असला तर मस्त, उलट एकदम करंट द्यायला हे साध्यापेक्षा दणकट असतात. पण स्वस्तातले आपोआपच महिन्यात बरेच उतरतात, ज्याच्यावर कमी सेल्फ डिस्चार्ज लिहिलंय तेच घ्या.

अथणीकडनं : टाकीवर सोलर पॅनेल, टीपी ४०५६ आणि लिथियम सेल पत्र्याच्या डब्यात घालून ठेवलो. एप्रिलमध्ये सेल फुगला. रेंजपण कमीच होती.

फुगलेला सेल परत चार्ज करू नका, टोचू तर अजिबात नका. टोकांना चिकटपट्टी लावून वाळूच्या डब्यात घराबाहेर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याला द्या, कचऱ्याच्या गाडीत नको.

झालं असं की पॅनेल दुपारी बाराला सगळ्यात जोरात चार्ज करतं आणि तेव्हाच डबा सगळ्यात गरम. लिथियम आयनला ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नये. चिपला तापमान बघायचा पाय असतो, पण त्या तयार पट्टीवर तो ग्राउंडला जोडून बंद करून टाकलेला असतो, म्हणजे ती आंधळी चार्ज करत राहते. पाय सोडवून सेलला चिकटलेला थर्मिस्टर (तापेल तसा बदलणारा रेझिस्टर) जोडा, जमत नसेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल आणि त्याचाच चार्जर घ्या, ३.६५ ला थांबणारा, तो उष्णता जास्त सोसतो. टीपी ४०५६ ला ८ व्होल्टच्या वर दिलेलं चालत नाही, तुमचं पॅनेल उन्हात मोकळं मोजून बघा.

रेंजचं उत्तर तर तुमच्याच पत्रात हाय. पत्र्याच्या डब्यात अँटेना ठेवल्यावर ती बोलणार कुणाशी? प्लास्टिकचा पांढरा डबा घ्या, टाकीच्या सावलीच्या बाजूला बांधा, पॅनेल तेवढं उन्हात ठेवून मधे दोन मीटर वायर सोडा.